मेडे: हाकेचा क्रम आणि अंगठ्याखालची कळ

काही वर्षांपूर्वी एका शिडाच्या नौकेवर मध्यरात्रीनंतरचा पहारा माझ्याकडे होता. वारा पडला होता, बाकीचे तिघे झोपले होते आणि रेडिओ नेहमीप्रमाणे १६ व्या चॅनेलवर, म्हणजे संकटाच्या हाका जिथे दिल्या जातात तिथे, लावलेला होता. बराच वेळ त्यातून काहीच ऐकू आले नव्हते. मग एका माणसाचा आवाज अर्ध्या वाक्यापासून सुरू झाला आणि अर्ध्या वाक्यातच तुटला; त्यातले "पाणी आत येते आहे" एवढेच शब्द कळले. किनारी केंद्रावरील स्त्रीने तत्काळ उत्तर दिले आणि नौकेचे नाव व स्थान विचारले. तिचा प्रश्न मला स्वच्छ ऐकू आला, पण त्या माणसापर्यंत तो पोहोचला नाही, कारण बोलून झाल्यावरही त्याने माइकवरची कळ सोडलेली नव्हती. केंद्र थांबले की त्याच्या धापा आणि मागे कोणीतरी बादलीने पाणी उपसत असल्याचा आवाज ऐकू येई. तो कोणाच्या तरी उत्तराची वाट पाहत होता आणि ते उत्तर त्याच्याच अंगठ्याने अडवून धरले होते.

केंद्राने तोच प्रश्न चार वेळा विचारला. अखेर कळ सुटली, प्रश्न पोहोचला आणि उत्तर आले: "बेटाजवळ." त्या भागात लहानमोठी सात बेटे होती. मग केंद्राने त्याला उपग्रह-स्थानदर्शकाच्या पडद्यावरचे आकडे वाचायला सांगितले आणि त्याने ते एका दमात, अंश कुठे संपले आणि मिनिटे कुठे सुरू झाली हे न सांगता, घाईघाईने म्हणून टाकले. शेवटी ती स्त्री म्हणाली, "कळ दाबून ठेवा आणि एकपासून दहापर्यंत सावकाश मोजा." त्याने मोजले. तो मोजत असताना किनाऱ्यावरील दिशाशोधक यंत्राला त्याच्या लहरी कोणत्या दिशेने येत आहेत हे ठरवता आले, आणि त्या दिशेला असलेल्या एका मासेमारी नौकेने त्याच्या विजेरीचा प्रकाश पाहिला. नौकेवरचे दोघेही सुखरूप निघाले. माझ्या वहीत त्या रात्रीची पेन्सिलीने केलेली नोंद अजून आहे: पहिला आवाज २ वाजून १७ मिनिटांनी, दिशा मिळाली २ वाजून २८ मिनिटांनी. मधली अकरा मिनिटे तो माणूस सतत बोलत होता, आणि त्याच्या शोधाला उपयोगी पडेल असे काहीही त्यात नव्हते.

त्या माणसाकडे चालू स्थितीतला रेडिओ होता, नीट दिसणारे स्थान होते आणि ऐकणारे कान होते. नव्हता तो फक्त क्रम. सागरी रेडिओवरून मदत मागण्याची जी ठरलेली पद्धत आहे ती परीक्षेसाठी पाठ करण्याचा उपचार आहे, असे मलाही परवान्याच्या अभ्यासाच्या वेळी वाटले होते. त्या रात्रीनंतर मात्र मी ती पद्धत वेगळ्या नजरेने वाचली आणि माझ्या लक्षात आले की ती मध्येच तुटणाऱ्या वाक्यासाठी बांधलेली आहे. पाणी विद्युतघटापर्यंत पोहोचले, डोलकाठी कोसळली किंवा बोलणारा पाण्यात फेकला गेला, तरी तोवर जे बोलून झाले असेल ते सगळ्यात आवश्यक असावे, अशा हिशेबाने तिच्यातला प्रत्येक भाग आपापल्या जागी बसवलेला आहे.

जिवावरच्या संकटात मदत मागण्याची, म्हणजे "मेडे"ची, आवाजी हाक अशी असते. आंतरराष्ट्रीय पातळीवर ती इंग्रजीत दिली जाते, म्हणून कागदावरही मी ती तशीच लिहिते; नौकेचे नाव येथे उदाहरणादाखल "मैना" घेतले आहे. "मेडे, मेडे, मेडे. धिस इज मैना, मैना, मैना." यानंतर नौकेचे कॉल साइन, म्हणजे रेडिओवरची तिची अक्षर-अंकांची खूण, आणि नऊ अंकी ओळखक्रमांक. मग पुन्हा "मेडे मैना" आणि लगेच "पोझिशन थ्री फाइव्ह डिग्रीज, वन टू डेसिमल फोर मिनिट्स नॉर्थ, झीरो वन एट डिग्रीज, फोर वन डेसिमल सेव्हन मिनिट्स ईस्ट." त्यानंतर संकट कोणते ते: "टेकिंग वॉटर अँड सिंकिंग." मग हवी असलेली मदत: "रिक्वायर इमिजिएट असिस्टन्स." मग "फोर पर्सन्स ऑन बोर्ड." त्यानंतर शोधणाऱ्याला उपयोगी पडणारे काही असेल तर ते, म्हणजे नौकेचा रंग, तराफा तयार आहे की नाही, कोणी जखमी आहे का, आणि शेवटी "ओव्हर." सावकाश वाचले तरी हे सगळे एका मिनिटाच्या आत संपते.

यातील स्थान संकटाच्या वर्णनाच्या आधी येते, ही गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. घाबरलेल्या माणसाचा स्वाभाविक कल काय झाले ते आधी सांगण्याकडे असतो, कारण त्याच्या डोळ्यांसमोर तेच असते. शोधणाऱ्याला मात्र आग आहे की पाणी, याहून कुठे जायचे हे आधी कळावे लागते. केवळ नाव आणि स्थान एवढेच पोहोचले आणि पुढे कायमची शांतता झाली, तरी बचावनौका निघू शकते. केवळ "आग लागली आहे" एवढेच पोहोचले, तर निघणार कुठे?

टायटॅनिकचे उदाहरण या संदर्भात नेहमी माझ्या मनात येते. १९१२ मध्ये त्या जहाजावरून पाठवले गेलेले स्थान आणि १९८५ मध्ये समुद्रतळाशी सापडलेले अवशेष यांच्यात सुमारे १३ सागरी मैलांचे अंतर निघाले. कार्पेथिया हे जहाज चुकीच्या स्थानाकडेच धावत होते. जीवनौका सुदैवाने त्याच्या वाटेवर होत्या, म्हणून त्या त्याला आधीच दिसल्या आणि सातशेहून अधिक माणसे वाचली. कार्पेथिया दुसऱ्या दिशेने येत असती तर तेच १३ मैल किती महाग पडले असते, याचा विचार करवत नाही.

आज उपग्रहांमुळे स्थान मिळवणे सोपे झाले आहे, पण ते उच्चारण्यातली चूक तशीच राहिली आहे. अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, म्हणजे १,८५२ मीटर. पडद्यावर १२ मिनिटे ४० सेकंद असे दिसत असताना कोणी "बारा दशांश चाळीस मिनिटे" असे वाचले, तर शोध जवळजवळ अर्धा किलोमीटर बाजूला सरकतो. दिवसा, मोठी नौका तरंगत असेल तर हे चालून जाईल. लाटांमध्ये केवळ एक डोके वर असेल तर चालणार नाही. याहून वाईट गोंधळ अंशांच्या दशांशाचा आहे. काही उपकरणे स्थान ३५.२०७ अंश असे दाखवतात. ते ३५ अंश १२.४ मिनिटे एवढे होते, पण घाईत वाचणारा ते ३५ अंश २०.७ मिनिटे असे वाचतो आणि आपल्या नौकेला एका क्षणात आठ सागरी मैलांहून अधिक दूर नेऊन ठेवतो. म्हणून नौकेवरील सर्व उपकरणे अंश, मिनिटे आणि मिनिटांचे दशांश अशा एकाच रूपात लावून ठेवावीत, प्रत्येक आकडा सुटा उच्चारावा, "पस्तीस" न म्हणता "तीन, पाच" म्हणावे, आणि दशांशचिन्ह स्पष्टपणे "डेसिमल" असे बोलून दाखवावे.

आकडे मिळतच नसतील तर नकाशावर छापलेल्या एखाद्या ठिकाणापासूनची दिशा आणि अंतर सांगता येते. मात्र दिशा त्या ठिकाणापासून आपल्याकडे येणारी सांगायची असते. "दीपगृहाच्या नैर्ऋत्येस तीन मैल" म्हणजे नौका नैर्ऋत्येस आहे. दीपगृह मला ईशान्येला दिसते म्हणून मी "ईशान्य" म्हटले, तर बचावनौका नेमकी उलट्या बाजूला जाईल.

आता कळीविषयी, कारण त्या रात्री खरा घात तिनेच केला होता. या चॅनेलवर एका वेळी एकाच दिशेने बोलता येते. आपण कळ दाबली की आपला रेडिओ केवळ प्रक्षेपण करतो आणि त्याचे कान बंद होतात. शिवाय लहरींची ही पद्धत अशी आहे की एकाच वेळी दोघे बोलू लागले तर ऐकणाऱ्याला बहुधा ज्याची लहर अधिक जोरकस तोच ऐकू येतो आणि दुसरा पूर्णपणे झाकला जातो. एखाद्याची कळ उशीखाली किंवा गादीच्या कडेखाली दबून राहिली, तर त्या परिसरातील सर्वांसाठीच १६ वा चॅनेल अडून बसतो आणि त्या माणसाला त्याचा पत्ताही नसतो. म्हणून कळ दाबावी, एक श्वास घ्यावा, मग बोलावे. तो श्वास घेतला नाही तर पहिला शब्द कापला जातो. माइक तोंडापासून चार-पाच बोटे दूर धरावा, ओरडू नये, कारण ओरडण्याने आवाज दूर जात नाही, केवळ फाटतो. आणि "ओव्हर" म्हणताच अंगठा उचलावा. दीर्घ समुद्रअनुभव असलेली माणसेही ही शेवटची गोष्ट विसरतात, असे मी पाहिले आहे. भीतीने मूठ आवळली जाते आणि अंगठा मुठीबरोबर जातो.

"मेडे" हा शब्द मुद्दाम आवाजासाठी निवडला गेला. तारेच्या कटकट्ट संकेतात एसओएस उत्तम चालत होते, पण दूरध्वनीसारख्या आवाजी यंत्रणेत "एस" हे अक्षर ओळखू येईना. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीस लंडनजवळच्या क्रॉयडन विमानतळावरील रेडिओ अधिकारी फ्रेडरिक स्टॅन्ली मॉकफर्ड यांनी "मला मदत करा" या अर्थाच्या फ्रेंच शब्दांच्या उच्चाराशी जुळणारा हा शब्द सुचवला, कारण तेथील बरीचशी वाहतूक पॅरिसच्या विमानतळाशी होती. १९२७ च्या वॉशिंग्टन येथील आंतरराष्ट्रीय करारात त्याला मान्यता मिळाली. तीन वेळा म्हणण्यामागेही अर्थ आहे: खरखरीत एखादा उच्चार हरवला तरी दुसरा पोहोचतो, आणि कोणी दुसऱ्याच्या हाकेविषयी नुसते बोलत असेल तर ते आणि प्रत्यक्ष हाक यांत गल्लत होत नाही.

हा शब्द केव्हा वापरावा याविषयी मात्र माणसे फार अडखळतात. नौका किंवा माणूस गंभीर आणि लगेचच्या धोक्यात आहे आणि तत्काळ मदत हवी आहे, एवढी त्याची कसोटी आहे. इंजिन बंद पडले आहे, नांगर टाकता येतो आहे, हवा बरी आहे, तर "पॅन-पॅन" ही तातडीची हाक पुरेशी असते. तेच इंजिन खडकांच्या दिशेने वाहत जाताना बंद पडले आणि नांगर धरत नसेल, तर ते मेडे आहे. माणूस पाण्यात पडून नजरेआड झाला असेल तर ते नि:संशय मेडे आहे. आधी आपण प्रयत्न करून पाहू, मग हाक देऊ, हा विचार मला धोकादायक वाटतो. हाक आधी द्यावी आणि प्रयत्न पुढे चालू ठेवावेत. गळती थांबली तर हाक मागे घेता येते आणि त्याबद्दल कोणी दोष देत नाही. विद्युतघट बुडाल्यावर मात्र हाक देता येत नाही, आणि तो बहुतेक नौकांमध्ये तळाशी, म्हणजे पाणी सर्वांत आधी पोहोचते तिथेच बसवलेला असतो.

आवाजाच्या आधी आज आणखी एक पायरी आहे. आधुनिक व्हीएचएफ संचावर, म्हणजे नौकांवरच्या या जवळच्या पल्ल्याच्या रेडिओवर, झडपेखाली एक लाल बटण असते. ती झडप उचलून बटण सुमारे पाच सेकंद दाबून धरले की ७० व्या चॅनेलवरून एक अंकीय संदेश एका सेकंदाहून कमी वेळात बाहेर पडतो. त्यात नौकेचा नऊ अंकी ओळखक्रमांक, स्थान आणि वेळ असते, आणि सवड असेल तर आग, बुडणे, टक्कर अशांपैकी संकटाचा प्रकारही निवडता येतो. ऐकणाऱ्या प्रत्येक संचावर भोंगा वाजतो. कोणी पोच दिली नाही तर संच तोच संदेश सुमारे दर चार मिनिटांनी आपोआप पाठवत राहतो. बटण दाबल्यावर थोडे थांबावे आणि पोच आली किंवा नाही आली तरी १६ व्या चॅनेलवर आवाजी हाक द्यावी, कारण बटणाने माणसे किती आहेत हे सांगितलेले नसते आणि जवळच्या लहान नौकेवर ही सोय असेलच असेही नाही. ही संपूर्ण जागतिक व्यवस्था १९९२ ते १९९९ या काळात टप्प्याटप्प्याने लागू झाली, आणि तिच्यामुळे जहाजांवर चोवीस तास कानाला यंत्र लावून बसणाऱ्या माणसाची जागा बऱ्याच अंशी भोंग्याने घेतली.

परंतु या बटणावर मी एके काळी जो विश्वास टाकला होता तो अपुरा होता, हे येथे स्पष्टपणे लिहिले पाहिजे. आमच्या नौकेवर नवा संच बसवून घेतला, झडप पाहिली, समाधान वाटले आणि एक संपूर्ण हंगाम आम्ही तो तसाच वापरला. हंगामाच्या अखेरीस पडद्याच्या कोपऱ्यातील एका बारीक ओळीकडे माझे लक्ष गेले. तिथे स्थानाऐवजी केवळ आडव्या रेघा होत्या. संच भिंतीवर पक्का बसवला होता, पण स्थानदर्शकाकडून येणाऱ्या दोन बारीक तारा मागे मोकळ्याच लोंबत होत्या. बसवणाऱ्याने त्या जोडल्या नव्हत्या आणि मी पाहिले नव्हते. त्या काळात आम्ही लाल बटण दाबले असते, तर कोणीतरी संकटात आहे एवढे जगाला कळले असते, कुठे ते कळले नसते. अशा संचात स्थान हाताने भरता येते, पण नौका पुढे जात राहते आणि भरलेले आकडे मागे राहतात; साडेतेवीस तासांनी तर संच ते स्वतःच पुसून टाकतो. तेव्हापासून निघण्यापूर्वी मी रेडिओच्या पडद्यावरचे आकडे नकाशादर्शकावरच्या आकड्यांशी बोट ठेवून ताडून पाहते. ओळखक्रमांकाचेही तसेच आहे. तो संचात भरलेला नसेल तर बटण काम करत नाही, आणि नौका विकत घेतल्यावर नोंदणी आपल्या नावावर केली नसेल, तर बचाव केंद्राकडे जुन्या मालकाचे नाव आणि कदाचित जुन्या रंगाची नौका निघते.

हाक किती दूर जाईल, हे शक्तीपेक्षा उंचीवर अधिक अवलंबून असते. व्हीएचएफ लहरी साधारणतः नजरेच्या रेषेत जातात आणि पृथ्वीच्या वक्रतेपाशी अडतात. ॲंटेनाच्या मीटरमधील उंचीचे वर्गमूळ काढून त्याला २.२ ने गुणले, की तिचे क्षितिज सागरी मैलांत मिळते, आणि दोन्ही टोकांची क्षितिजे मिळवायची असतात. चार मीटर उंचीवर ॲंटेना असलेल्या दोन लहान नौका एकमेकींना सुमारे नऊ मैलांपर्यंत ऐकतील. तीच नौका शंभर मीटर उंच टेकडीवरील केंद्राशी सुमारे सव्वीस मैलांवरून बोलू शकेल. आणि तराफ्यात बसून हातातला संच एक मीटर उंचीवर धरला, तर लहान नौकेपर्यंतचे अंतर जेमतेम सहा-साडेसहा मैल उरते. म्हणून हातातला संच उभे राहता येत असेल तर उभे राहून, ॲंटेना सरळ वर धरून वापरावा. पक्क्या संचाची शक्ती २५ वॅट असते, पण बंदरात बोलताना ती बहुधा १ वॅटवर आणलेली असते आणि तशीच विसरली जाते. लाल बटण ती आपोआप वाढवते, नुसती आवाजी हाक देणाऱ्याने मात्र ती स्वतः पाहावी.

विजेच्या बाबतीत एक फसवी गोष्ट आहे. ऐकताना संच फारच थोडा विद्युतप्रवाह घेतो आणि पूर्ण शक्तीने बोलताना पाच-सहा अँपियरपर्यंत जातो. त्यामुळे थकलेल्या विद्युतघटावर रेडिओ छान ऐकू येतो, दिवा लागतो, सगळे ठीक वाटते, आणि कळ दाबताच पडदा विझतो. रेडिओ ऐकू येतो म्हणजे तो बोलू शकतो, असे धरून चालू नये. भरलेला हातातला संच जवळ असणे म्हणजे स्वतंत्र वीज आणि स्वतंत्र ॲंटेना असणे होय, आणि ती चैन नव्हे.

मोबाइल आहे की, असे अनेकजण म्हणतात. मोबाइल एकाच माणसाशी बोलतो, रेडिओ त्या परिसरातील सर्वांशी बोलतो, आणि समुद्रावर आपल्याला वाचवणारा बहुधा आपल्या ओळखीचा नसलेला, पण दोन मैलांवर असलेला कोणीतरी असतो. त्या रात्रीची मासेमारी नौका कोणाच्याही संपर्कयादीत नव्हती.

आपण ऐकणाऱ्याच्या जागी असलो, तर पहिले काम गप्प बसून लिहून घेण्याचे आहे. नाव, स्थान, वेळ, माणसे. किनारी केंद्राला उत्तर देण्यासाठी थोडा अवधी द्यावा. केंद्राने उत्तर दिले आणि आपण जवळ असलो, तर आपले स्थान आणि पोहोचायला लागणारा वेळ सांगावा. कोणीच उत्तर दिले नाही, तर "रिसीव्ह्ड मेडे" असे सांगून आपण पोच द्यावी आणि "मेडे रिले" असे तीन वेळा म्हणून ती हाक शब्दशः पुढे पाठवावी, कारण ज्या केंद्रापर्यंत बुडणाऱ्याचा आवाज पोहोचत नाही तिथपर्यंत आपला पोहोचू शकतो. त्या वेळी "सीलॉन्स मेडे" असे शब्द ऐकू आले, तर संकटाशी संबंध नसलेल्या सर्वांनी चॅनेल मोकळा ठेवायचा असतो, शांतता संपल्याचे "सीलॉन्स फीनी" हे शब्द ऐकू येईपर्यंत. टायटॅनिकपासून फार दूर नसलेल्या कॅलिफोर्नियन जहाजावरचा एकुलता एक रेडिओचालक दिवसभराचे काम संपवून झोपला होता; ऐकणारा नसणे हे हाक न देण्याइतकेच घातक असते, हे त्या रात्रीतून सर्वांना उमगले आणि १९१४ च्या पहिल्या सागरी सुरक्षा करारात अखंड ऐकण्याची सक्ती आली. म्हणून १६ वा चॅनेल कंटाळवाणा वाटतो म्हणून त्याचा आवाज बंद करणाऱ्यांविषयी मला खरोखर राग येतो.

चुकून लाल बटण दाबले गेले, तर घाबरून संच बंद करून बसू नये. संचावरूनच संदेश रद्द करावा, आणि लगेच १६ व्या चॅनेलवर सर्वांना उद्देशून नौकेचे नाव, ओळखक्रमांक व वेळ सांगून ती हाक रद्द करावी. गप्प राहिलो, तर कोणीतरी आपल्या शोधासाठी रात्रीच्या समुद्रात निघालेले असते.

हे सारे मला येते, याचा नौकेवर फारसा उपयोग नाही, हे मला उशिरा कळले. पाण्यात पडणारी किंवा पंपाशी अडकलेली व्यक्ती मीच असण्याची शक्यता अधिक. हाक देणारा तो असेल ज्याला रेडिओ सर्वांत कमी येतो. म्हणून मी एका जाड कागदावर मोठ्या अक्षरांत संपूर्ण हाक लिहिली, नौकेचे नाव, कॉल साइन आणि ओळखक्रमांक आधीच भरून ठेवले, स्थानासाठी रिकाम्या चौकटी सोडल्या, वर "झडप उचला, लाल बटण पाच सेकंद" आणि शेवटी लाल शाईने "अंगठा उचला" असे लिहिले, आणि तो कागद प्लास्टिकमध्ये घालून संचाच्या शेजारी लावला. माझा सोळा वर्षांचा भाचा पहिल्यांदा नौकेवर आला, तेव्हा संचाचा वीजपुरवठा मुख्य खटक्यापाशी बंद करून मी त्याच्या हातात माइक दिला आणि काहीही न समजावता तो कागद वाचायला सांगितले. त्याने पडद्यावरून आधीच उतरवून दिलेले आकडे चौकटीत भरले आणि वाचायला सुरुवात केली. पहिल्या वेळी तो इतका भराभर बोलला की आकडे एकमेकांवर चढले. दुसऱ्या वेळी स्पष्ट बोलला, "ओव्हर" म्हणाला आणि माझ्याकडे पाहत राहिला. मी काही बोलले नाही, नुसते त्याच्या हाताकडे बोट दाखवले. त्याचा अंगठा कळीवर तसाच होता, दाबून नख पांढरे पडले होते.

तिसऱ्या वेळी तो मध्येच थांबला.

"मावशी, यात 'फोर पर्सन्स' असं लिहिलंय. पण आज आपण तिघंच आहोत ना?"

तो कागद मी चार वेळा तपासला होता. चौथ्या माणसाला शोधण्यासाठी कोणीतरी अंधार पडेपर्यंत त्या पाण्यात फिरत राहिले असते. मी "फोर" हा शब्द खोडून तिथेही चौकट आखली. आता धक्क्यावरून दोर सोडण्यापूर्वी माणसे मोजून तो आकडा प्लास्टिकवर मेणाच्या पेन्सिलीने लिहिला जातो. त्या दिवशी भाच्यानेच तिथे ३ लिहिले.